नॉमिनी लावलाय म्हणजे वारस ठरला का? मृत्युपत्र, वारसा आणि ट्रस्टबद्दल बोलू या

गोदाकाठची

मंडळी, आमच्या सोसायटीत आणि नात्यात हल्ली जे बघतेय त्यावरून हा धागा काढतेय. घरातला कर्ता माणूस जातो, दिवसकार्य उरकतं आणि मग कपाट उघडलं जातं. पासबुकं, एलआयसीच्या पॉलिस्या, डिमॅटची पत्रं, फ्लॅटची फाइल. प्रत्येकावर नॉमिनी म्हणून कुणाचं तरी नाव असतं आणि घरचे म्हणतात, "बाबांनी सगळं व्यवस्थित करून ठेवलंय." मृत्युपत्र मात्र नसतं.

नॉमिनी हा मालक नसतो, हे आपल्याकडे अजून पुरेसं पोचलेलं नाही. बँकेनं किंवा कंपनीनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे, एवढंच नॉमिनेशन सांगतं. पैसे हातात आल्यावर ते कुणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं आणि ते नसेल तर वारसा कायदा. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे डिसेंबर 1983 मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा तेच सांगितलं. विम्यात 2015 च्या दुरुस्तीनं एक फरक आला: आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर कायद्याच्या भाषेत ते लाभार्थी धरले जातात. बाकी ठिकाणी नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीनं पैसे सांभाळणारा.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं याचं अगदी साधं उदाहरण देते. ठाण्यातला फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. नवरा गेला. मागे बायको, दोन मुलं आणि नवऱ्याची आई. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा. आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील दुसऱ्या वर्गात, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुढे सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या की त्यांचा पाव हिस्सा दीर, नणंदा आणि गेलेल्या मुलाची मुलं यांच्यात वाटला जातो. मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असतील तर त्यांचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते. कुणाच्याही मनात काळंबेरं नसताना त्या बाईला आपलंच घर विकता येत नाही. नवऱ्याला हे असं हवं होतं का? बहुतेक वेळा नाही. त्यानं लिहून ठेवलं नाही, एवढंच.

तुमच्यापैकी कुणी मृत्युपत्र केलंय? कसं केलंत, काय अडचणी आल्या, सविस्तर लिहा. धर्म, प्रांत, शेती, परदेश यानं फरक पडतो, म्हणून सगळीकडच्यांनी लिहावं.

दस्तनोंद

गोदाकाठची ताई, चांगला विषय काढलात. माझी नोकरी नोंदणी खात्यात झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात रोज मृत्युपत्रं हाताखालून जायची, त्यातून जे कळलं ते लिहितो.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. मुद्रांक शुल्क नाही. साध्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहिलेलं चालतं. कायद्याला हवंय ते एवढंच: करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा, त्यानं सही किंवा अंगठा करावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून, किंवा "ही माझीच सही" असं त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही.

लोक साक्षीदार म्हणून आपल्याच वयाचे मित्र आणतात. असं करू नका. वाद झाला तर दोघांपैकी निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं. तेव्हा तो हयात हवा, सापडायला हवा. तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही आणि जो गाव सोडून जाण्यातला नाही असा माणूस बघा. वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. डॉक्टरच साक्षीदार झाले तर फार उत्तम.

मजकुराबद्दल. "माझा पुण्यातला फ्लॅट मुलीला" असं मोघम लिहू नये. असं लिहावं: "मौजे कोथरूड, येथील सर्व्हे नंबर अमुक, तमुक सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरील सदनिका क्रमांक इतका, क्षेत्र इतके, जी मी इतक्या सालच्या खरेदीखताने, दस्त क्रमांक अमुक, विकत घेतली, ती सोसायटीतील भागांसह माझी मुलगी हिला." दस्त क्रमांक लिहिला की पुढची निम्मी शोधाशोध वाचते. आणि शेवटी हे वाक्य हवंच: "याखेरीज माझ्या नावावर जी काही स्थावर-जंगम मिळकत निघेल ती अमुक यांस मिळावी." हे वाक्य नसलं की विसरलेली एफडी किंवा मृत्युपत्रानंतर घेतलेली गाडी पुन्हा वारसा कायद्याकडे जाते. ज्याला द्यायचं तोच आधी गेला तर कुणाला, हेही लिहा. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा माणूस, नेमा. लाभार्थी स्वतः एक्झिक्युटर असू शकतो, त्याला बंदी नाही.

नोंदणी सक्तीची नाही. पण मी करा म्हणेन. फी किरकोळ असते. कार्यालयात तुमचा फोटो आणि अंगठा घेतात, त्यामुळे "ही सही त्यांची नाहीच" हा आक्षेप बराच ढिला पडतो. गुप्ततेची काळजी करू नका: मृत्युपत्रांची नोंद पुस्तक क्रमांक 3 मध्ये होते आणि करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला सोडून कुणालाही मिळत नाही. मजकूर कार्यालयातही कुणी वाचू नये असं वाटत असेल तर सीलबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतं.

नोंदवलेलं मृत्युपत्र मात्र शेवटचं असतं असं नाही. नंतर साध्या कागदावर केलेलं, नीट साक्षांकित मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला मागे सारतं.

चाफेकळी

दस्तनोंद काका, मोबाइलवर व्हिडिओ करून सांगितलं तर? किंवा आधारवाली ई-सही?

दस्तनोंद

व्हिडिओ पुरावा म्हणून सोबत असू द्या, पण तो मृत्युपत्राची जागा घेत नाही. इलेक्ट्रॉनिक सहीचं मृत्युपत्र चालत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्यातून ते वगळलेलं आहे. कागद आणि पेन.

सचिव_डोंबिवली

आमच्या सोसायटीत सभासद वारला की पहिला फोन मला येतो, म्हणून लिहितो. 2019 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम 154ब-13 आलंय. त्यानुसार नॉमिनीला आम्ही "तात्पुरता सभासद" करतो, खरे वारस ठरेपर्यंत. मेंटेनन्सची बिलं त्याच्या नावानं निघतात. पण भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) कायमचं नाव चढवायचं तर मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांपैकी काहीतरी लागतं.

इथं भांडण कुठं होतं सांगतो. थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून असतं, तो म्हणतो बाबांनी फ्लॅट मला दिला. धाकटी बहीण म्हणते, नॉमिनेशन फॉर्मवर फक्त तू जवळ राहत होतास म्हणून तुझं नाव आलं. दोघंही मनापासून बोलत असतात. कमिटीनं यात न्यायनिवाडा करायचा नसतो. आम्ही सांगतो, कागद आणा. ज्या घरी मृत्युपत्र आहे तिथं फाइल सरळ पुढे सरकते. नाही तिथं वर्षानुवर्षं पडून राहते, आणि पुनर्विकासाच्या करारावर सही कुणाची घ्यायची यावरून अख्खी इमारत अडते. डोंबिवलीत जुन्या इमारतींचं प्रमाण बघता हे एका घरापुरतं राहत नाही.

शेवंती७१

मला मुलं नाहीत. मिस्टर गेले. शाळेतल्या नोकरीच्या पैशांतून घेतलेला छोटा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. धाकटा भाऊ आणि वहिनी माझं सगळं करतात. मी काहीच लिहिलं नाही तर तो फ्लॅट भावाला मिळेल ना?

अॅड_माहीम

शेवंतीताई, नाही मिळणार. स्पष्ट सांगतो, कारण हे आजच कळलेलं बरं. हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 स्त्रीच्या मालमत्तेसाठी वेगळा क्रम देतं. आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस, म्हणजे तुमचे दीर, नणंदा, पुतणे. तुमच्या माहेरच्यांचा नंबर त्यानंतर. आईवडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परत जाते. स्वकष्टार्जित मालमत्तेला ही सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यात सांगितलं. त्या प्रकरणात लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, माहेरच्या आधारानं तिनं नोकरी करून पैसा जमवला. ती गेल्यावर सगळं सासरच्यांना मिळालं. मला हा निकाल वाचताना आजही त्रास होतो, पण कायदा तसा आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं ते याचसाठी. तुम्ही भावाच्या नावानं मृत्युपत्र करा. भाऊ-वहिनी साक्षीदार नकोत. शाळेतल्या जुन्या सहकारी चालतील. आणि नोंदवा, कारण सासरचं कुणी आव्हान देण्याची शक्यता आहे.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाबद्दल, बरेच जण विचारतात म्हणून इथंच. मुंबईतली मालमत्ता किंवा मुंबईत केलेलं मृत्युपत्र असलं की हिंदूंना हायकोर्टाचं प्रोबेट सक्तीचं होतं. चेन्नई, कोलकात्यातही तेच. पुण्या-नाशकात ही सक्ती कधीच नव्हती. 2025 च्या अखेरीस संसदेनं भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 213 वगळलं आणि ही सक्ती गेली. वाद असेल किंवा समोरची संस्था अडून बसली असेल तर प्रोबेट अजूनही घेता येतं आणि काही वेळा घ्यावं.

शेवंती७१

धन्यवाद वकीलसाहेब. या आठवड्यातच करते. भावाला सांगितलं तर तो "ताई, असलं काही बोलू नकोस" म्हणतो.

गोदाकाठची

ताई, त्याला सांगूच नका हवं तर. मृत्युपत्राला लाभार्थ्याची संमती लागत नाही. आणि मन बदललं तर ते कधीही बदलता येतं.

वारणाकाठ

शेतीवाल्यांसाठी. सातबाऱ्यावरचं खातं मयताच्या नावावर ठेवून पीक कर्ज आणि नुकसानभरपाई यांत अडकलेली घरं आमच्या सांगली भागात गावोगाव दिसतील. खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं वर्दी द्यायची असते. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि असेल तर मृत्युपत्र. ई-हक्कवरून ऑनलाइनही होतं. फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडल अधिकारी मंजूर करतात. पण वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, आणि सातबारा हा महसुलाचा कागद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

वडिलोपार्जित जमीन असेल तर बाप आपल्या हिश्शापुरतंच मृत्युपत्र करू शकतो. सगळी जमीन एका मुलाला लिहून दिली म्हणून ती त्याची होत नाही. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही जन्मानं सहदायक, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी, आहे, आणि 2005 ला बाप हयात असलाच पाहिजे असं नाही हे विनीता शर्मा खटल्यात 2020 मध्ये ठरलं.

आता मनातलं बोलतो. बारावं-तेरावं झालं की भाऊबंद बहिणीपुढं हक्कसोडपत्र ठेवतात. ती रडून-रडून थकलेली असते, माहेर तुटेल ही भीती असते, ती सही करते. हे थांबायला पाहिजे. द्यायचंच असेल तर तिनं घरी जाऊन, नवऱ्या-मुलांशी बोलून, सहा महिन्यांनी द्यावं. ते नोंदणीकृत दस्तानंच होतं आणि परत घेता येत नाही. आमच्या वडिलांनी हयातीतच चौघा भावंडांना बसवून सांगितलं, कुठला बांध कुणाचा, विहिरीचं पाणी कुणी कुठल्या वारी घ्यायचं, आणि ते कागदावर उतरवलं. पाण्याची पाळी लिहिलेली असल्यानं आजही आमच्यात बोलाचाली नाही.

सिंधुदुर्गचा_रमेश

@वारणाकाठ, पण बहिणीला लग्नात दिलेलं असतं, त्याचं काय? कोकणात आधीच जमीन गुंठ्यात मोजायची.

वारणाकाठ

लग्नात दिलं म्हणून कायद्यातला हिस्सा जात नाही, रमेशराव. बापाला तसं वाटत असेल तर त्यानं स्वतःच्या हिश्शापुरतं मृत्युपत्रात कारण देऊन लिहावं. कारण लिहिलेलं असलं की बहिणीलाही राग कमी येतो, असा माझा अनुभव आहे.

अथर्वची_आई

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता सज्ञान झाला. आमच्यासारख्या पालकांचा प्रश्न वेगळा असतो, "त्याला किती मिळेल" यापेक्षा "त्याच्यासाठी ते कोण खर्च करेल" हा.

त्याच्या नावावर थेट फ्लॅट किंवा एफडी ठेवली तर तो स्वतः व्यवहार करू शकत नाही. म्हणून दोन गोष्टी लागतात. एक, पालकत्व. अठरा पूर्ण झाली की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. दोन, खाजगी ट्रस्ट, म्हणजे मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवायची आणि त्यांनी ती मुलासाठी वापरायची. तो 1882 च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली येतो. धर्मादाय आयुक्तांचा याच्याशी संबंध नाही, ते सार्वजनिक न्यासांसाठी.

आम्ही आत्ता मोठा ट्रस्ट केला नाही. फ्लॅट हयातीत ट्रस्टमध्ये टाकायचा तर दस्त नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्काचा खर्च येतो. आम्ही दोघांनी आपापल्या मृत्युपत्रातच ट्रस्ट लिहिलाय. आमच्यानंतर फ्लॅट आणि गुंतवणूक ट्रस्टकडे जाईल, विश्वस्त माझी बहीण, मिस्टरांचा भाचा आणि एक चार्टर्ड अकाउंटंट. एकटा विश्वस्त ठेवला नाही, कारण माणूस चांगला असला तरी आजारी पडतो, परदेशी जातो. अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्रानं केलेला असा एकमेव ट्रस्ट असेल तर करही सर्वोच्च दरानं न लागता नेहमीच्या टप्प्यांनी लागतो, हे सीएंनी सांगितलं. तुमच्या सीएंकडून खात्री करून घ्या.

सोबत एक वही लिहिली आहे, तिला कायद्याची सही लागत नाही. तो काय खातो, वरणात जिरं दिसलं तर ताट लोटतो, मिक्सरचा आवाज सुरू करण्याआधी त्याला सांगावं लागतं, दाताच्या डॉक्टरांकडे जाताना कुठली उशी सोबत हवी. विश्वस्तांना मृत्युपत्राइतकीच ही वही लागणार आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी आजच लिहायला घ्या.

दस्तनोंद

अथर्वच्या आई, नमस्कार करतो तुम्हाला. वहीची कल्पना सगळ्यांनी उचलावी अशी आहे.

फोंड्याची_मनाली

गोव्याचं गणित पूर्ण वेगळं आहे, वर लिहिलेले नियम इकडे लावू नका. आमच्याकडे 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेली पद्धत, आता 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून धरतात, अर्धी अर्धी. आणि आपल्या अर्ध्यातलंही सगळं मनाप्रमाणे देता येत नाही: त्याचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव. मुलगा-मुलगी भेद नाही. मृत्युपत्र नोटरीपुढे म्हणजे निबंधक कार्यालयातच करायचं. वाटणीला आम्ही इन्व्हेंटरी म्हणतो, त्यात कोर्टात यादी होऊन लिलावसुद्धा होतो. मुंबईला राहणाऱ्या गोयंकारांनी लक्षात घ्या, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्याच्या अधिवासी माणसाच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच कायदा लागू धरला.

वसईचा_फ्रान्सिस

ख्रिस्ती मंडळींसाठी दोन गोष्टी. आमच्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रातून दिलेलं रद्द होतं. आणि लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. लग्नानंतर पुन्हा करा.

राजापूरची_सायरा

मुस्लिमांत कफनदफन आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. आमच्या सुन्नी लोकांत एखाद्या वारसालाच द्यायचं असलं तरी बाकीच्यांची लागते. बाकी हिस्से ठरलेले. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर मात्र भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, म्हणून आधी वकिलांना लग्न कुठल्या कायद्याखाली झालंय ते सांगा.

जर्सीकर_दिनेश

न्यू जर्सीहून. इथल्या मराठी मंडळींत एक चूक सर्रास दिसते. अमेरिकेत विल करताना वकील ठरलेलं वाक्य घालतो, "याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो." झालं, पुण्यात केलेलं मृत्युपत्र गेलं. दोन देशांसाठी दोन मृत्युपत्रं करा आणि प्रत्येकात स्पष्ट लिहा की हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं आहे. मुलं लहान असतील तर अमेरिकेतल्या विलमध्ये त्यांचा पालक नेमा, ते घरापेक्षा महत्त्वाचं. इथलं घर लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीतच केलेल्या ट्रस्टमध्ये) टाकलं की इथली कोर्टाची प्रक्रिया टळते, पण सोलापूरच्या जमिनीला त्याचा उपयोग नाही. भारतातल्या स्थावराला भारताचाच कायदा.

आणि कुलमुखत्यारपत्र. "बाबांचं मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, मी बघून घेईन" असं मित्र म्हणतात. ते बाबांच्या शेवटच्या श्वासाबरोबर संपतं. नंतर त्यावर बँकेतून एक रुपया काढणंही बेकायदा.

निवृत्त_कॅशियर

बँकेच्या बाजूनं दोन शब्द. 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी देऊन किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. मृत्युपत्रातली नावं आणि नॉमिनी शक्यतो जुळवून घ्या. दहा वर्षं न हललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. गेलेल्या माणसाच्या नावावर काही पडून आहे का ते उद्गम पोर्टलवर शोधता येतं, आणि वारसांना मागताही येतं. मूळ मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला तोच कागद लागला तर पंचाईत.

नाना_सातारा

माझं वय 78. मुलगा म्हणतो, मृत्युपत्र कशाला, बक्षीसपत्रच करून टाका, खर्च कमी आहे, नंतर कटकट नाही. करू का?

अॅड_माहीम

नाना, सध्या राहता त्या घराचं करू नका. बक्षीसपत्र झालं की मालकी त्याच दिवशी गेली. मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं आणि तोवर तुम्ही मालक. मुलगा चांगलाच असेल, पण उद्या त्याचं कर्ज थकलं तर बँक त्या घरावर येईल, त्यात त्याचाही इलाज नसेल.

तरी बक्षीसपत्र करायचंच ठरलं तर त्यात लिहून घ्या की देणाऱ्याचा सांभाळ, औषधपाणी आणि या घरात तहहयात राहण्याचा हक्क या अटीवर हे दिलं आहे. ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 च्या कलम 23 खाली, अट पाळली नाही तर असं हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द करू शकतं. अट असल्याचं दाखवता आलं नाही तर ते कलम उपयोगी पडत नाही, असा 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

नाना_सातारा

मग मृत्युपत्रच. मी आणि सौ. मिळून एकच केलं तर चालेल का? घर दोघांच्या नावावर आहे.

अॅड_माहीम

चालतं, पण वेगवेगळी करा. संयुक्त मृत्युपत्रात एक जण गेल्यावर मागे राहिलेल्याला बदल करता येतो की नाही यावर वाद होतात. तुम्ही तुमचा निम्मा हिस्सा आधी काकूंना आणि त्या आधी गेल्या तर मुलांना असं लिहा, काकूंनी तसंच तुमच्या बाबतीत. दोन्ही एकाच दिवशी नोंदवा, साक्षीदार तेच चालतील. साताऱ्याच्या कार्यालयात जाताना दोघांचं आधार, पॅन, घराचं खरेदीखत आणि डॉक्टरांचे दाखले घेऊन जा. जमलं तर सकाळी लवकर जा.